नसलेल्या माणसाचा नमुना

चंद्रभानच्या चित्रांचं प्रदर्शन अकोल्यात लागतंय हे मला त्याच्या मुलीकडून कळलं. तो स्वतः सांगणारच नव्हता, कारण आमचं बोलणं बंद होतं. तीन वर्षं आणि एक महिना. ही मोजणी माझी नाही, माझ्या बायकोची. महिन्याचा पहिला रविवार उजाडला की अनुपमा माझ्यापुढे चहा ठेवायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, "आज अकोल्याचा रविवार." मी ऐकू न आल्यासारखं करून पेपर उलटत बसायचो.

चंद्रभानची मुलगी वर्षाली अकोल्याच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवते. फोनवर म्हणाली, "काका, बाबांची सगळी चित्रं लावून राहिलो आम्ही. कॉलेजच्या हॉलमध्ये, रविवारी. तुम्ही या बरं."

"तुझ्या बापानं बोलावलं का?"

"बाबा कोनाले बोलावतात का काका? माह्या लग्नातही त्यायनं कोनाले बोलावलं नव्हतं. पत्रिका तुम्हीच वाटल्या होत्या ना?"

ते खरं होतं. "पाहतो," म्हणून मी फोन ठेवला आणि दिवसभर घरात कुरकुर केली. त्यानं बोलवायला पाहिजे होतं, मीच काय म्हणून जायचं, त्याला माझी गरज असती तर त्याच्याकडे फोन नाही का, वगैरे. अनुपमानं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

"जाऊच नका," ती म्हणाली. "दोघांतला एक मेला की दुसरा फोटोला हार घालायला जाईलच. तेव्हा घ्या भेटून."

मी एकोणसत्तर वर्षांचा, चंद्रभान बहात्तरचा. एकोणीस वर्षं ज्या माणसाबरोबर मी नरकापासून स्वर्गापर्यंत हिंडलो, त्याच्याशी मरायच्या आधी एकदा नीट बोलणं होईल की नाही, एवढीच गोष्ट उरली होती. ते मला कळत होतं. तोंडानं कबूल करायला मात्र मी तयार नव्हतो.

नरक-स्वर्गाचं सांगतो. मी अमरावतीला इंग्रजी शिकवायचो. पोरं परीक्षेपुरतं शिकायची, मी पगारापुरतं शिकवायचो, बरं चाललं होतं. एका उन्हाळ्यात ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. सातशे वर्षांपूर्वीचं इटालियन दीर्घकाव्य, इंग्रजीत आणलेलं. त्यात कवी स्वतःच रानात वाट चुकतो. त्याच्याही आधी तेराशे वर्षं मेलेला एक जुना कवी वाटाड्या होऊन येतो, त्याला अख्खा नरक दाखवतो, मग एक भला थोरला डोंगर चढवून नेतो, आणि त्याच्या पुढे स्वर्ग. शंभर सर्ग. हे मराठीत आणायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. इटालियनचा एक शब्द येत नव्हता, तीन इंग्रजी भाषांतरं समोर ठेवून मी बसलो. पुण्याच्या एका विद्वानानं पत्रानं विचारलं, इटालियन न शिकता हे धाडस कशाला? मी उलट टपाली कळवलं, की लोक न मरताही नरकावर लिहितात.

चित्रं हवी होती. पण देवादिकांच्या कॅलेंडरातले यमदूत मला नको होते. त्या दिवसांत मेव्हण्याबरोबर अकोल्याच्या शेतकरी मेळाव्याला गेलो. तिथं कृषी विद्यापीठाच्या मंडपात बोंडअळीचा तक्ता लावला होता, दाराएवढा. ती अळी मान वर करून माझ्याकडे बघत होती. इतकी खरी, की मी एक पाऊल मागे सरलो. "कोणी काढली ही?" असं विचारलं तर तक्त्यामागून एक उंच, काळासावळा, खांद्याला झोळी लावलेला माणूस बाहेर आला.

"म्या. काहून? पाय चुकले काई?"

हा चंद्रभान. बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठात कीटकशास्त्राच्या विभागात चित्रकार. मावा, तुडतुडे, फुलकिडे, अळ्या काढायच्या, कास्तकारांना ओळखू येतील अशा. फोटोत पाठीवरचा नेमका ठिपका हरवतो, चित्रात तो दाखवता येतो, म्हणून ही नोकरी. मी तिथंच त्याला म्हटलं, माझा नरक काढशील का? त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काढतो ना. नमुना दाखव."

मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. चंद्रभानची उभी हयात टेबलावर नमुना ठेवून चित्र काढण्यात गेली होती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो मुंगीचाही पाय काढत नसे. प्रत्येक चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पाच ओळी लिहायच्या, ही विद्यापीठाची शिस्त: नमुना, ठिकाण, दिनांक, प्रमाण, शेरा. प्रमाण म्हणजे चित्र मूळ वस्तूच्या किती पट. शेऱ्यात लिहायचं नमुना जिवंत होता की मेलेला. कवितेसाठीही त्यानं ही शिस्त सोडली नाही. नरक-स्वर्गाच्या चित्रांना प्रमाण लिहिणारा जगात हा एकच असेल.

मग आमचा रविवार ठरला. महिन्यातला पहिला. मी बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर धरायची. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात अमरावतीचा गिलावडा, दह्यात भिजलेला, कारण चंद्रभानला अकोल्यातला चालत नसे. सव्वादहाला गाडी लागायची आणि हा दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, पाणपोईजवळच्या बाकापाशी उभा असायचा. एकोणीस वर्षांत एकदाही चुकला नाही. सासरा गेला, अग्नी यानंच दिला, त्या महिन्यातही आला होता, डोकं भादरलेलं, म्हणाला, "आज चित्र नाई होनार, पन तुले घ्याले कोन येईन?" कोरोनात सात महिने गाड्या बंद होत्या तेव्हा मी फोनवर सर्ग सांगायचो आणि तो म्हणायचा, मजा नाही येऊन राहिली.

त्यानं ती कविता कधी वाचली नाही. मी सांगायची, त्यानं ऐकायची आणि शेवटी म्हणायचं, "बरं. नमुना?"

पहिल्या सर्गातलं घनदाट रान बघायला आम्ही चिखलदऱ्याला गेलो. पुढे मेळघाटात जीप बंद पडली, संध्याकाळ व्हायला आली आणि समोर रस्त्यावर रानगवा उभा राहिला. मी जीपमध्ये देवाचं नाव घेत होतो, हा झोळीतून कागद काढत होता. कवितेत त्या रानात सिंह येतो. चंद्रभाननं काढला रानगवा.

"मूळ कवितेत सिंह आहे बे!"

"त्यानं पायला असन. म्या नाई पायला. मेळघाटात सिंह कुठून आनू?"

यावर आम्ही अकोल्यापर्यंत भांडलो. चित्रात रानगवाच राहिला. आता तिथं सिंहाची कल्पनासुद्धा मला करवत नाही.

नरकातले सैतान त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. तुडतुड्याचं तोंड चाळीस पट मोठं केलं की काय दिसतं ते मी इथं सांगत नाही, जेवणाची वेळ असेल. उकळत्या डांबराचा खंदक होता, त्याच्यासाठी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर काम चालू होतं तिथं आम्ही भर मे महिन्यात दोन तास उभे होतो. कामावरच्या बायांनी आम्हाला सरकारी साहेब समजून पाणी दिलं. नरकाच्या तळाशी पापी लोक गळ्यापर्यंत बर्फात गाडलेले असतात. चंद्रभान जुन्या शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात गेला आणि मालकाला म्हणाला, लादीत एक नारळ गोठवून दे, शेंडीसकट, अर्धा वर. मालकानं विचारलं, पूजेला का? "नाई, पापी हाय," चंद्रभान म्हणाला. ती लादी रिक्षात घालून घरी आणली, अंगणात ठेवली, आणि पाणी व्हायच्या आत त्यानं डोक्याभोवतीच्या बर्फाचे तडे कागदावर उतरवून घेतले. मग आम्ही तो पापी फोडून खाल्ला. वर्षाली तेव्हा शाळेत होती, तिनं सगळं खोबरं एकटीनं संपवलं.

डोंगराच्या माथ्यावर विसराची नदी आहे, तिच्यात बुडी मारली की पापं आठवत नाहीत. त्यासाठी कौंडण्यपूर. वर्धेच्या पाण्यात, डिसेंबरात, पहाटे. बुडी अर्थातच मी मारायची, कारण नमुना मी. तीनदा बाहेर आलो, तीनदा हा म्हणाला, पुन्हा.

"विसरलास काई?"

"तुला ओळखतो हे विसरायचंय," मी कुडकुडत म्हणालो. तो इतका हसला की पेन्सिल पाण्यात पडली.

आणि स्वर्ग. मला धास्ती होती, की स्वर्गाचा नमुना हा कुठून मागणार. त्यानं तो स्वतःच शोधला. एका जिनिंगच्या शेडमध्ये वरच्या झरोक्यातून ऊन आत येतं आणि सरकी काढताना उडालेले कापसाचे तंतू त्या उन्हात तरंगत राहतात. हजारो, खाली न येता. तीन सकाळी तो तिथं बसला. त्या उजेडातला एकेक तंतू म्हणजे एकेक पुण्यात्मा. मी आयुष्यभर काळ्या मातीच्या मुलखात राहिलो, कापसाच्या गाड्या बघत मोठा झालो, आणि स्वर्ग इतका जवळ होता हे मला त्या चित्रानं सांगितलं.

शंभरातली नव्व्याण्णव चित्रं झाली. एक राहिलं. चौसष्टावं.

तो प्रसंग असा. वाटाड्या त्या कवीला डोंगराच्या माथ्यापर्यंत आणतो. पुढे स्वर्ग, आणि तिथं त्या जुन्या कवीला जाता येत नाही. त्याच्या नशिबी तो नाही. समोर कवीची लहानपणापासूनची प्रेयसी उभी राहते, ती मरून दहा वर्षं झालेली. कवीला कापरं भरतं. नेहमीच्या सवयीनं तो वाटाड्याकडे वळतो, मला भीती वाटतेय म्हणून सांगायला. वाटाड्या नसतो. निरोप न घेता गेलेला असतो.

हे सांगताना मी रडलो. माझे वडील असेच गेले होते, मी औषध आणायला खाली उतरलो तेवढ्यात. चंद्रभाननं पेन्सिल झोळीत टाकली.

"हे नाई जमत मले," तो म्हणाला. "नसलेल्या मानसाचा नमुना कुठून आनू?"

"माझ्यावरून काढ. आत्ता रडलो ना मी?"

"रडलास. पन तू माह्याकडे पाहून रडलास. मी होतो ना इथी."

दोन वर्षं ते चित्र अडलं. मी हट्टाला पेटलो होतो, त्या चित्राशिवाय पुस्तक छापायचं नाही. दर महिन्याला मी विचारायचो, तो मान हलवायचा.

मग तो नोव्हेंबरातला रविवार आला. गाडी वेळेवर लागली. मी उतरलो, बाकापाशी आलो. चंद्रभान नाही. बसलो. येईल, म्हटलं, गुडघे धरले असतील. दहा मिनिटं, वीस मिनिटं. फोन लावला, बंद. त्याच्या घरी लावला, वर्षाली माहेरी आली होती, तिनं उचलला. "बाबा तं सकाळीच गेले काका, तुम्हालेच घ्याले." त्याची स्कूटर, तेव्हाही एकोणसत्तरीचा माणूस, रविवारचे ट्रक. प्रत्येक पावलाच्या आवाजाला मी वळून बघत होतो. तासाभरानं मी पोलीस चौकीकडे जायला उठलो, आणि जिन्यावरून चंद्रभान आला. सावकाश, झोळी लावून, पान खाऊन आल्यासारखा.

"चाल," म्हणाला.

"कुठं होतास?"

"होतो ना इथीच."

"फोन?"

"बंद केलता. काम करून राहिलो होतो."

"चंद्रभान, मला वाटलं तू मेलास!"

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगणार होता. "झालं की सांगतो," एवढंच म्हणाला. अर्धवट चित्राविषयी बोलायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. पण त्या क्षणी मला नियम कुठले सुचायला? मी भर प्लॅटफॉर्मवर त्याला नाही नाही ते बोललो. आणि शेवटी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, "कवितेतलं तुला काय कळणार? तुझी लायकी अळ्या काढायची. अळ्याच काढ."

त्याचं तोंड उतरलं. त्यानं झोळीचा बंद घट्ट धरला आणि उलट्या पावली जिना चढून गेला. मी परतीच्या गाडीत बसलो. डबा तसाच परत आला. अनुपमानं तो उघडला, पुन्हा बंद केला.

राग आठ दिवसांत उतरला होता. उरली ती लाज. लाजेनंच तीन वर्षं घालवली, आणि लोकांना मी सांगत राहिलो की मी रागावलोय.

तर रविवारी मी निघालो. अनुपमानं न सांगता डबा भरून पिशवीत ठेवला. पण रेल्वेनं गेलो नाही. त्या प्लॅटफॉर्मवर, त्या बाकापाशी उतरायची माझी छाती नव्हती. एसटीनं गेलो, स्टँडवरून रिक्षा केली आणि चोरासारखा हॉलच्या मागच्या दारानं आत शिरलो.

वर्षाली पुढे पाहुण्यांत अडकली होती. चंद्रभान दिसला नाही, मला बरंच वाटलं. मी भिंतीच्या कडेनं चालू लागलो. रानगवा. तुडतुड्याच्या तोंडाचे सैतान. दोन पोरी नारळाच्या पाप्यासमोर उभ्या राहून हळू आवाजात वाचत होत्या, "नमुना: नारळ. शेरा: मृत, नंतर खाल्ला." त्या हसल्या आणि मला त्यांना सांगावंसं वाटलं, की मीही होतो तिथं. चित्रांच्या बाजूला कागदावर ओळी छापलेल्या होत्या. माझ्या ओळी, खाली माझं नाव, कमलाकांत. एक अक्षर गाळलेलं नव्हतं.

मी चित्रं मोजत होतो. बासष्ट, त्रेसष्ट. पुढे रिकामी चौकट असेल असं मी धरून चाललो होतो.

तिथं चित्र होतं.

रेल्वेचा प्लॅटफॉर्म, समोरच्या बाजूनं पाहिलेला. पाणपोई. बाक. बाकावर एक म्हातारा, मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरलेला. मान मागे वळलेली, तोंड थोडं उघडं, कोणाला तरी हाक मारायच्या बेतात. त्याच्या शेजारी बाकाची जागा मोकळी. डोंगर नाही, स्वर्ग नाही, प्रेयसी नाही. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की मला त्याची दया आली. मग मला माझा स्वेटर ओळखू आला.

मी खाली वाकलो, चष्मा पुसला आणि कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं.

नमुना: कमलाकांत. ठिकाण: अकोला स्टेशन, प्लॅटफॉर्म दोन, समोरून. दिनांक तोच, नोव्हेंबरातला. प्रमाण: दहास एक. शेरा: नमुना जिवंत. अठ्ठावीस वेळा वळून पाहिलं. नमुन्याला लय त्रास दिला. चूक माही.

मी अठ्ठावीस वेळा वळलो होतो. मला माहीतच नव्हतं. समोरच्या प्लॅटफॉर्मवर, खांबाआड बसून तो माझी प्रत्येक मान मोजत होता, आणि मी ज्याला शोधत होतो तो पन्नास पावलांवर होता. दोन वर्षं अडलेला नमुना त्यानं असा मिळवला. मला त्याचा राग यायला हवा होता. मी तिथं, लोकांसमोर, रुमाल तोंडावर धरून रडलो.

"काका?" मागून वर्षाली आली. "तुम्ही एकटेच? बाबा कुठी हायेत?"

"मला काय विचारतेस? मी तर त्यालाच..."

"अहो, ते तुम्हाले घ्याले गेले ना स्टेशनवर! काकूचा फोन आला, म्या सांगितलं काका येऊन राहिले, तं नऊ वाजल्यापासून तयार होऊन बसले. मी म्हटलं, बाबा, आज तुमचं प्रदर्शन हाय, लोक येतीन. तं म्हने, लोकायले कोनी पन पाहीन, त्याले घ्याले कोन जाईन?"

"फोन कर त्याला."

तिनं टेबलाकडे बोट दाखवलं. फोन तिथंच होता. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

मी रिक्षावाल्याला इतकी घाई केली की तो म्हणाला, काका, गाडी चुकून राहिली का? मी हो म्हणालो. जिना चढताना दम लागला, पुलाच्या मध्यावर कठड्याला धरून थांबलो, आणि खाली पाहिलं.

चंद्रभान बाकावर बसला होता. माझ्याच जागेवर. केस सगळे पांढरे झालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, गुडघ्याशी काठी. काठी मला नवीन होती. पॅसेंजर येऊन निघूनही गेली होती, प्लॅटफॉर्म मोकळा झाला होता. कोणी चालत गेलं की तो वळून बघायचा. मग पुन्हा समोर. मग एक हमाल गेला, पुन्हा वळला.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं. बसू दे. आज माझी पाळी आहे. अठ्ठावीसपर्यंत मोजायचं आणि मग जिना उतरायचा, सावकाश, पान खाऊन आल्यासारखा. मी मोजायला लागलो. तीन. चार. पाचव्याला त्यानं काठीवर भार देऊन उठायचा प्रयत्न केला आणि परत बसला. सहाव्याला त्यानं हात डोळ्यांवर धरून रुळांच्या दूरच्या टोकाकडे पाहिलं, बडनेऱ्याच्या दिशेनं. सातव्याला तो वळला तेव्हा त्याचं तोंड थोडं उघडं होतं, आणि तो चेहरा मी अर्ध्या तासापूर्वी भिंतीवर पाहिला होता.

त्या दिवशी त्यानं तास-सव्वा तास हे कसं बघितलं असेल, कोण जाणे. मला सातच्या पुढे जमलं नाही.

"चंद्र्या!" मी पुलावरूनच ओरडलो. दोन-चार माणसांनी वर पाहिलं. त्यानं मात्र आधी मागे पाहिलं, मग बाजूला, मग वर. मी उतरेपर्यंत तो काठी टेकून उभा होता.

"उशीर केलास बे," तो म्हणाला.

"एसटीनं आलो."

"काहून? गाडी नव्हती का?"

"होती. तुले भेटाची भीती वाटली."

मी बाकावर बसलो, तोही बसला, शेजारच्या मोकळ्या जागेवर. मी म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो ते फार वाईट बोललो, चंद्रभान. अळ्यांचं. मला माफ कर. हे वाक्य तीन वर्षं तोंडात घोळत होतं आणि निघालं तेव्हा चार सेकंदांत संपलं.

"अळ्या काई सोप्या नसतात काढाले," तो म्हणाला. मग काठी बाकाला टेकवून, "पायलं का?"

"पायलं."

"मंग? जमलं का?"

जमलं म्हणून सांगायचं तर पुन्हा रडू आलं असतं, आणि तिथं चहावाला उभा होता.

"माहे कान लय मोठे काढले तू," मी म्हणालो.

"मोठेच हायेत. प्रमाण लिवलं हाय खाली," तो म्हणाला, आणि माझ्या पिशवीतून डबा स्वतःच काढून घेतला.